ओस पडलेली गावं: बघायला जायचं तर कुठलं?

ओसाड गावांच्या याद्या पैशाला पासरी मिळतात. प्रत्येकीत तेच फोटो: वाळूनं भरलेली खोली, गंजलेला आकाशपाळणा, भर समुद्रातल्या काँक्रीटच्या इमारती. नुसता फोटो बघून जायचं ठरवलं तर फसगत होते, कारण बंद रस्ता, खवळलेला समुद्र आणि ‘आत प्रवेश नाही’ची पाटी फोटोत येत नाही.

माझ्या मते निवड करताना आधी एक प्रश्न विचारावा: इथल्या माणसांना निघायला किती मुदत मिळाली? आज तिथे काय उरलंय ते बरंचसं यावरच ठरतं. ज्यांना वर्षं मिळाली ते दारांच्या चौकटीसुद्धा घेऊन गेले. ज्यांना काही तासच मिळाले त्यांची भांडीकुंडी जागच्या जागी राहिली. तिसराही एक प्रकार आहे. मुदत भरपूर होती, पण सामान हलवायचा खर्च सामानाच्या किमतीपेक्षा जास्त होता. बघणाऱ्याच्या दृष्टीनं ही तिसऱ्या प्रकारची गावं सगळ्यात भरगच्च.

हाशिमा की कोल्मान्सकॉप?

बहुतेकांची गाडी या दोन नावांवर येऊन अडते. दोन्ही खाणीची गावं, दोन्हीकडे कंपनीचं राज्य, आणि खाणीतली कमाई संपली तसं गावही संपलं. साम्य एवढंच.

हाशिमा हे नागासाकीजवळचं बेट, क्षेत्रफळ ६.३ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेपंधरा एकर. समुद्रतळाखालच्या कोळशासाठी मित्सुबिशीनं १८९० मध्ये ते विकत घेतलं. आडवं वाढायला जागा नाही म्हणून मजल्यावर मजले चढत गेले. १९१६ मध्ये इथे बांधलेली इमारत ही जपानमधली आरसीसीची पहिली मोठी निवासी इमारत मानली जाते. १९५९ साली या तुकड्यावर ५,२५९ माणसं राहत होती. शाळा, दवाखाना, सिनेमागृह, देऊळ सगळं होतं. फक्त स्मशानाला जागा नव्हती, त्यासाठी शेजारच्या नाकानोशिमा बेटावर जावं लागे. गिरणगावात वाढलेल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल: कंपनीची खोली, पाळीच्या हिशेबानं झोपणारी-उठणारी अख्खी इमारत, आणि मालकाच्या एका निर्णयानं सगळ्यांचा पत्ता बदलणं.

तो निर्णय १९७४ च्या जानेवारीत झाला. जपान कोळशाकडून तेलाकडे वळला होता. खाण बंद झाली आणि २० एप्रिलपर्यंत बेट रिकामं झालं. तीनेक महिने हातात आणि प्रत्येक वस्तू बोटीनं न्यायची, त्यामुळे टीव्ही, कपाटं, खेळणी मागे राहिली. मात्र ती तुम्हाला बघायला मिळणार नाहीत. २००९ पासून पर्यटकांना परवानगी आहे ती बेटाच्या दक्षिण टोकाला बांधलेल्या छोट्या पायवाटेपुरती. इमारतींत शिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. १९१६ च्या त्या इमारतीचा मोठा भाग २०२० मध्ये कोसळला. शिवाय लाटा किंवा वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की बोट बेटाला लागतच नाही, नुसती प्रदक्षिणा घालून परत येते. म्हणजे नागासाकीपर्यंत जाऊनही बेटावर पाय ठेवायला मिळेलच याची खात्री नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोरियन आणि चिनी माणसांना इथे जबरदस्तीनं राबवलं गेलं. २०१५ मध्ये मेइजी काळातल्या (१८६८-१९१२) औद्योगिक स्थळांबरोबर बेटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा हा इतिहास सांगण्याचं जपाननं कबूल केलं होतं. तो नीट सांगितला जात नाही याबद्दल २०२१ मध्ये जागतिक वारसा समितीनं तीव्र खेद नोंदवला. बोटीवरचा गाइड याबद्दल किती बोलेल यावर विसंबू नका, वाचूनच जा.

कोल्मान्सकॉप नामिबियाच्या वाळवंटात, ल्युडरिट्झ या बंदराच्या गावापासून दहाएक किलोमीटरवर. १९०८ मध्ये झकारियास लेवाला या रेल्वे कामगाराला रुळांवरची वाळू उपसताना एक चमकणारा खडा दिसला. त्यानं आधी दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत काम केलेलं होतं, त्यामुळे हिरा ओळखता येत होता. खडा त्यानं साहेबाला, म्हणजे ऑगस्ट श्टाउखला दिला. श्टाउखनं गाजावाजा न करता आसपासच्या जमिनीचे हक्क मिळवले आणि तो गडगंज झाला. लेवालाच्या हाती काही लागलं नाही. (पुढे श्टाउखची संपत्तीही बुडाली, पण त्यानं लेवालाचा हिशेब चुकता होत नाही.)

तेव्हा इथे जर्मनीची वसाहत होती, त्यामुळे वाळवंटात जर्मन थाटाचं गाव उभं राहिलं: नाचघर, नाईनपिन्सची (चेंडूनं खुंट्या पाडायच्या खेळाची) गल्ली, बर्फाचा कारखाना, इस्पितळ. या इस्पितळात क्ष-किरण यंत्र होतं. हाडं बघायला ते उपयोगी पडतच असे, पण कामगारानं हिरा गिळलाय का हेही त्यातून तपासलं जाई. १९२८ च्या सुमारास दक्षिणेला ऑरेंज नदीच्या मुखाजवळ कितीतरी समृद्ध साठे सापडले आणि लोक तिकडे सरकू लागले. १९५६ पर्यंत कोल्मान्सकॉप रिकामं झालं. इथे घाई कुणालाच नव्हती, त्यामुळे नेण्यासारखं जे होतं ते बहुतेक गेलं. उरली घरं, भिंतींवरचे रंग, नक्षीचे पट्टे, आणि दारं उघडी राहिल्यानं आत शिरलेली वाळू. काही खोल्यांत ती कंबरेपर्यंत आहे.

हाशिमापेक्षा इथे मोठा फायदा म्हणजे घरांतून फिरता येतं. तिकिटाची वेळ सकाळपासून दुपारी एकपर्यंत असते. सूर्योदयाचे किंवा संध्याकाळचे फोटो हवे असतील तर वेगळा परवाना काढावा लागतो. तोटा म्हणजे अंतर. राजधानी विंडहुकहून मोटारीनं साधारण ७०० किलोमीटर, वाटेत वस्ती तुरळक. एका दिवसात उरकायची ही गोष्ट नाही. ल्युडरिट्झला मुक्काम केलात तर शार्क आयलंडवरही जा. हिरा सापडण्याच्या आधीची काही वर्षं तिथे जर्मन वसाहत सरकारची छळछावणी होती आणि हेरेरो आणि नामा जमातींची हजारो माणसं तिथे मेली. आज त्या जागी तंबू ठोकायची सोय आहे. हे शेजारचं प्रकरण माहीत नसेल तर कोल्मान्सकॉपचं नाचघर अर्धंच कळतं.

मला विचाराल तर जपानची सहल आधीच ठरली असेल तर हाशिमासाठी अर्धा दिवस काढा, मुद्दाम त्याच्यासाठी जाऊ नका. कोल्मान्सकॉपसाठी मात्र मुद्दाम जावं.

अमेरिकेत कुणी असेल तर

कॅलिफोर्नियात बे एरियातल्या नातलगांकडे उन्हाळ्यात गेलात आणि योसेमिटी ठरलेलंच असेल तर बॉडी हाताशी आहे. टायोगा खिंड ओलांडून लीव्हायनिंगला उतरायचं, तिथून थोडं उत्तरेला. शेवटचे पाचेक किलोमीटर कच्चा रस्ता. उंची २,५०० मीटरच्या वर, त्यामुळे हिवाळ्यात बर्फ पडतो आणि साधी मोटार पोचत नाही. खिंडही तेव्हा बंदच असते.

हे सोन्याचं गाव. १८५९ मध्ये सोनं सापडलं, ते शोधणारा बॉडी नावाचा माणूस त्याच हिवाळ्यात बर्फाच्या वादळात मेला, आणि वीस वर्षांनी तिथे आठ-दहा हजारांची वस्ती होती. मग तेवढ्याच वेगानं ओहोटी लागली. १९१७ मध्ये रेल्वेचे रूळही उखडून नेले. १९३२ च्या आगीत बराच भाग जळाला आणि दुसऱ्या महायुद्धात सरकारी आदेशानं सोन्याच्या खाणी बंद झाल्यावर जे थोडं उरलं होतं तेही थांबलं.

तिसऱ्या प्रकारचं गाव ते हेच. सामान खाली न्यायला गाडीभाडं परवडेना, म्हणून दुकानाच्या फळ्यांवर डबे आणि बाटल्या तशाच आहेत. १९६२ पासून हे राज्य उद्यान आहे आणि तिथलं धोरण मला फार आवडतं: छप्पर गळू द्यायचं नाही, भिंत पडू द्यायची नाही, पण नवं काही करायचं नाही. धूळसुद्धा पुसत नाहीत. बहुतेक घरं खिडकीतून बघावी लागतात, पण बघायला खरोखर काहीतरी आहे. इथला खिळा जरी उचलला तरी शाप लागतो अशी वदंता आहे, आणि घाबरून वस्तू परत पाठवणाऱ्यांची पत्रं तिथल्या संग्रहालयात वाचायला मिळतात. जेवणाची आणि पेट्रोलची सोय अजिबात नाही.

न्यू जर्सीकडचे लोक सेंट्रेलिया सुचवतील. पेनसिल्व्हेनियातल्या या गावाखालच्या कोळशाच्या थरांना १९६२ मध्ये लागलेली आग अजून विझलेली नाही. गोष्ट जबरदस्त, पण बघायला रिकामे रस्ते आणि झाडी. घरं पाडून टाकलीत आणि चित्रांनी रंगवलेला तो प्रसिद्ध रस्ता २०२० मध्ये मातीखाली गाडला. जाऊ नका.

यादीत असलेली पण सध्या वगळायची, आणि यादीत नसलेली

युक्रेनमधल्या प्रिप्यातचं नाव पहिलं येतं, म्हणून सांगून टाकतो. चर्नोबिलच्या स्फोटानंतर दुसऱ्या दिवशी, २७ एप्रिल १९८६ ला दुपारी, तीन दिवसांसाठी म्हणून सुमारे ४९,००० माणसांना बसमध्ये बसवलं आणि ती कायमची गेली. मुदत काही तासांची, म्हणून मागे अख्खं शहर. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यापासून तिथलं पर्यटन बंद आहे. विषय संपला.

त्याऐवजी तुर्कस्तानला जाणार असाल तर फेतियेजवळचं कायाकॉय बघा. टेकडीच्या उतारावर शेकडो दगडी घरं, एकावरही छप्पर नाही. ग्रीक ख्रिश्चनांचं हे गाव. १९२३ च्या लोझान इथल्या करारानं धर्माच्या नावावर अदलाबदल झाली: अनातोलियातले सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसचे ठरले आणि तिकडचे साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानचे. फाळणीच्या चोवीस वर्षं आधी, आणि दोन्ही सरकारांच्या सहीशिक्क्यानं. वाळू नाही, गंजलेली यंत्रं नाहीत, फोटोही तसे साधेच येतात. तरी आपल्याकडच्या माणसाला हे गाव जास्त बोलतं असं मला वाटतं.

पासपोर्ट नको असेल तर

जैसलमेरजवळचं कुलधरा सगळ्यांना माहीत असतं ते सालिमसिंह दिवाणाच्या गोष्टीमुळे. त्याची नजर मुखियाच्या मुलीवर पडली आणि पालीवाल ब्राह्मणांची चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठून गेली, जाताना शाप देऊन. गोष्ट रंगतदार आहे, पण अभ्यासकांना दिसतं ते वेगळं: विहिरी आटत गेल्या, करांचा बोजा वाढत गेला, वस्ती हळूहळू पातळ झाली. काहींनी भूकंपाची शक्यताही मांडली आहे. घरं बघितली की हळूहळूचाच अंदाज पटतो. भिंती आहेत, आत काही नाही. जायचं तर भुतांसाठी जाऊ नका. वाळवंटात पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं आणि त्या ओलीवर गहू पिकवायचा ही खडीन पद्धत पालीवालांची, आणि तशी शेतं त्या भागात अजून बघायला मिळतात. ती दाखवणारा वाटाड्या मिळाला तर फेरी वसूल.

धनुष्कोडी काशी-रामेश्वर करणाऱ्यांच्या वाटेवरच आहे. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळानं गाव पुसलं आणि पांबनहून येणारी पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट समुद्रात ओढली. मुदत शून्य. पण घेऊन गेला तो समुद्र, त्यामुळे उरलंय अगदी थोडं: चर्चच्या भिंती, स्टेशनचे अवशेष. २०१७ पासून पार अरिचलमुनईच्या टोकापर्यंत डांबरी रस्ता असल्यानं म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जायला या सगळ्यांत हेच सोपं. कोळ्यांच्या झोपड्या आणि शंख-शिंपल्यांची दुकानं असल्यानं ते पूर्ण ओसाड मात्र वाटणार नाही.

आणि गोव्यातलं कुर्डी. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणात गेलं. लोकांचं पुनर्वसन वाडे, वालकिणी या ठिकाणी झालं आणि तिथलं जुनं महादेवाचं देऊळ दगड-दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर इथल्याच. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरलं की जोती, वाटा, झाडांचे बुंधे वर येतात आणि गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात. ख्रिश्चन कुटुंबंही आपल्या कपेलकडे (छोट्या चर्चकडे) येतात. वर सांगितलेल्या एकाही ठिकाणी असं होत नाही: सोडून गेलेली माणसं तुम्हाला प्रत्यक्ष भेटतात आणि हे घर कुणाचं, ती वाट कुठे जायची, ते बोट दाखवून सांगतात. घरं म्हणाल तर जोत्यांपलीकडे काही नाही. इमारती बघायच्या असतील त्यांची निराशा होईल.

इथे जायचं ठरलं तर मेच्या मध्यापर्यंत थांबा, पण पहिला पाऊस लागायच्या आत परत या. ओळखीतलं कुणी कुर्डीकर असेल तर उत्सवाच्या दिवशी त्यांच्याबरोबर जा, नसेल तर एखादा दुसरा दिवस धरा. त्या दिवशी तिथे घरचं कार्य असतं. सावली नाही, पिण्याचं पाणी सोबत घ्या, आणि तळ्यातला गाळ वाळलेला दिसला तरी गाडी वरच्या पक्क्या जमिनीवरच लावा.