पॉइंट बावीसची एअर रायफल घेतली आणि फसलो

२०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळेला नेमबाजीत ब्राँझ मिळालं तेव्हापासून पोरीने डोकं खाल्लं होतं, बाबा मला शूटिंगला टाका. नाशिकला गंगापूर रोडला क्लास लावला, सहा महिने क्लासच्याच रायफलवर खेळली, मग स्वतःची पाहिजे. इंपोर्टेड नवीन म्हणजे लाखांचा खेळ, म्हणून सेकंडहँड शोधायला लागलो आणि तिथेच माती खाल्ली.

ओळखीच्या ओळखीतून एक जण द्वारकाला टपरीवर भेटला. बोलायला साखर. मी सांगितलं की दहा मीटरच्या मॅचसाठी हवी, तर म्हणे साहेब पॉइंट १७७ (नळीच्या भोकाचं इंचातलं माप, म्हणजे बोअर) काय घेता, पोरासोरांचं खेळणं ते, पॉइंट २२ घ्या, छर्रा मोठा, कागदावर भोक मोठं, टार्गेटच्या रेषेला चाटून गेला तरी वरचा मार्क. आता रेषेला टेकलं तर वरचा मार्क धरतात हे पोरीकडून ऐकलेलं, त्यामुळे पटलंच ना राव! वर म्हणे इंग्लंडात याच बोअरने हरणं पाडतात. (मला कागदावर नेम धरायचाय, हरणाचं ऐकून मी का खूश झालो देव जाणे.) लायसन्सचं विचारलं तर हसला, एअर गनला कसलं लायसन्स. ३४ हजार कॅश, बिल नाही, वर छर्‍यांचा 'जर्मन' डबा फ्री.

क्लासमधल्या मॅडमनी बघितलं आणि रायफलची केस बंद करून परत माझ्या हातात दिली. दहा मीटरला ४.५ मिलिमीटरच चालतं, म्हणजे पॉइंट १७७, ही ५.५ ची, कुठल्याच मॅचला उभी करणार नाहीत. आणि बिनलायसन्सचं म्हणाल तर २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे बोअर पॉइंट १७७ पर्यंत आणि ताकद २० ज्यूलपर्यंत, दोन्ही पाहिजे, त्याच्या वर गेलं की लायसन्स. हरणाचं पण रात्री बसून वाचलं. इंग्लंडात बहुतेक हरणांना कमीत कमी पॉइंट २४० बोअर आणि १७०० फूट-पाउंड ताकद लागते, म्हणजे २३०० ज्यूल, ते पण दारूच्या काडतुसाचे, एअर गनचा तिथे संबंधच नाही. आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून हरणाच्या नादी लागलं की थेट जेल.

डबा घेऊन सराफ बाजारात मित्राच्या काट्यावर दहा छर्रे तोलले. डब्यावर ०.९१ ग्रॅम छापलेलं, काट्यावर ०.८४ पासून ०.९७ पर्यंत काहीही. जर्मन म्हणे!

त्या विकणाऱ्याला फोन लावला, म्हटलं पोलिसात जातो. शांतपणे म्हणाला, "जा ना साहेब, बंदूक कोणाच्या घरात आहे?"

दोन रात्री झोप नाही, बायको वेगळीच तापलेली. शेवटी वकील मित्राला घेऊन पोलीस स्टेशनला गेलो, सगळं लेखी दिलं, रायफल जमा केली आणि पावती घेतली. विकणाऱ्याचा नंबर तेव्हापासून बंद लागतोय. पोरगी परत क्लासच्या रायफलवर.