जुन्या टीव्हीला स्टिक लावू की अँड्रॉइडवाला डीटीएच बॉक्स?

आधी टीव्हीच्या मागे बघा, एचडीएमआय पोर्ट (चपटी रुंद खाच) आहे का. स्टिक म्हणजे त्यात खोचायचं छोटं यंत्र, नेटवरून ॲप दाखवणारं, तिला तो लागतोच. नुसत्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना असतील तर मध्ये कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि त्यात मेनूची अक्षरं इतकी फिसकटतात की डोळे दुखतात. काही डीटीएच बॉक्सना मात्र त्या जुन्या पिनांसाठी एव्ही आउट असतो, विचारून घ्या.

पोर्ट असेल तर स्टिक स्वस्तात पडते, फायर टीव्ही स्टिक वगैरे. फक्त तिला टीव्हीच्या यूएसबीवरून पॉवर देऊ नका, जुन्या टीव्हीचा यूएसबी बहुतेकदा 0.5 अँपियरच देतो आणि मग ती मध्येच रिस्टार्ट होत बसते, सोबतचा अडॅप्टर थेट सॉकेटमध्येच लावायचा. लाइव्ह चॅनल पण ॲपवर दिसतात, पण सगळं नेटवर, आणि क्रिकेट तर डिशपेक्षा मागेच चालतं, म्हणजे शेजारी ओरडले की समजायचं विकेट पडली 😄

बॉक्समध्ये चॅनल छत्रीवरून येतात, ॲप वायफायवरून, त्यामुळे नेट गेलं तरी आईची संध्याकाळची सीरियल चुकत नाही (जोरदार पावसात सिग्नल जातो ते वेगळं). रिमोटवर आकडे असतात, नंबर दाबला की चॅनल लागला, घरात म्हातारी माणसं असतील तर ही फार मोठी सोय आहे राव. पण दर महिन्याचा रिचार्ज आला, आणि प्राइम, नेटफ्लिक्सचे पैसे बहुतेकदा वेगळेच.

एकटे राहताय, नेट चांगलंय, तर स्टिक घ्या. आईबाबांच्या टीव्हीला मी बॉक्सच लावीन.