खाडीच्या पाण्यासाठी हातातला रिफ्रॅक्टोमीटर : वापरानंतरचा अभिप्राय

महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या सावित्री नदीच्या मुखाशी, बाणकोटच्या खाडीत, भरतीचे खारे पाणी किती आत शिरते हे पाहण्यासाठी मी पुण्यात सदाशिव पेठेतील एका दुकानातून क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घेतला. दोन थेंब काचेवर टाकून उजेडाकडे पाहिले की मोजपट्टीवर आकडा दिसतो. समुद्राचे पाणी साधारण 35 दाखवते, म्हणजे 1 किलो पाण्यात 35 ग्रॅम क्षार. बॅटरी लागत नाही, ही मोठीच सोय.

मर्यादा मात्र नीट समजून घ्याव्यात. खारे पाणी जड असल्याने ते गोड्या पाण्याखालून पाचरीसारखे सरकते, त्यामुळे केवळ काठावरून वरवरच्या पाण्याचा नमुना तपासल्यास खाडीचे पाणी आहे त्यापेक्षा कमी खारे वाटते. तळाचे पाणी बाटलीत वेगळे घ्यावे लागते. शिवाय 1 च्या आतला फरक हे उपकरण दाखवत नाही, आणि विहिरीच्या पाण्यासाठी तोच महत्त्वाचा असतो. गढूळ पाण्यात, मोजपट्टीवर ज्या सीमारेषेवरून आकडा वाचायचा, तीच पुसट होते, म्हणून नमुना आधी निवळू द्यावा.

दुकानदाराने शुद्ध पाण्याने शून्य जुळवण्याबद्दल एक अक्षरही सांगितले नाही. माझी पहिली सहल त्यातच वाया गेली. तरीही वाळूउपशाने पात्र खोल झाल्यावर खारेपणा वर सरकतो का, हे उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीला) आणि भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) ठरावीक जागी नोंदवून ग्रामपंचायतीपुढे मांडायचे असेल, तर हे उपकरण पुरेसे आहे.