फिल्टर कॉफीचा चोथा, घरात आणि परड्यात: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगते. खत म्हणून चोथा अगदीच किरकोळ. पण पातेरा, म्हणजे झाडांखाली पडलेली सुकी पानं, कुजवायला एक नंबर. मासे साफ केल्यावर हातांना उत्तम. गोगलगायींवर उपयोग शून्य. आणि पावसाळ्यात तो साठवून ठेवायचा विचारसुद्धा करू नका.

आमच्याकडे कॉफी पितळी फिल्टरची. नवऱ्याची नोकरी बंगळुरात झाली, वेंगुर्ल्याला परत येताना सामानाबरोबर ही सवयही आली. महिन्याला साधारण किलोभर पूड लागते. शेजारीपाजारी सगळे चहावाले, कधी कॉफी केली तरी बरणीतली. ती दुधात विरघळते, चोथा उरतच नाही. चहाची पत्ती गुलाबाला घालणं इथे कुणाला शिकवायला नको, पण आपली पत्ती दूध-साखरेत उकळलेली. न धुता घातली की तासाभरात मुंग्या हजर. फिल्टरमधल्या चोथ्याला दूध-साखर लागलेलीच नसते, म्हणून तो थेट वापरता येतो.

आता खताचं. चोथ्यात नत्र भरपूर असतं असं जिथेतिथे वाचायला मिळतं. भरपूर म्हणजे किती, तर सुक्या वजनाच्या साधारण २ टक्के. आमचा हिशोब मांडून बघा. वर्षाला १२ किलो पूड, त्यातला पाव भाग किंवा थोडा जास्त कपात उतरतो, उरला आठ-नऊ किलो सुका चोथा. त्यातलं नत्र २०० ग्रॅमसुद्धा भरत नाही. फळावर आलेल्या एका माडाला वर्षाला अर्धा ते एक किलो नत्र द्यायला सांगतात. म्हणजे वर्षभर दोघांनी मन लावून कॉफी प्यायली तरी एका माडाचं पोट अर्धंही भरत नाही! शिवाय हे नत्र झाडाला लगेच मिळत नाही, जंतूंनी ते फोडावं लागतं. त्यामुळे ‘कॉफी घातली आणि आठवड्यात जास्वंद फुलली’ असं कुणी सांगितलं तर जास्वंदीचा हंगाम बघावा.

दुसरी समजूत अशी की चोथा आम्लधर्मी, म्हणून आम्ल माती आवडणाऱ्या झाडांना द्यावा. खरं तर बरंचसं आम्ल कपात उतरतं. उरलेला चोथा बऱ्याचदा उदासीनाच्या जवळपास, सामू (pH) साडेसहाच्या आसपास. आणि आपली जांभ्याची माती मुळातच आम्ल आहे, एवढ्या पावसात धुऊन निघालेली. तिला आणखी आम्ल कशाला हवं? बाहेरच्या बागांसाठी लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

मग मी चोथा वापरते कशाला? पातेऱ्यासाठी. आंबा, काजू, फणस यांचा पातेरा आमच्या परड्यात ढिगाने पडतो. पूर्वी गोठ्यात गुरं होती, शेण होतं, पातेरा आणि शेण खड्ड्यात गेलं की खत तयार. आता गोठ्यात फक्त सायकली आणि नारळाची सोडणं. शेण विकत घ्यावं लागतं. नुसता पातेरा वर्षभर खड्ड्यात पडून राहतो, काजूचं पान तर हटून बसतं, कारण त्यात कर्ब जास्त आणि नत्र कमी. कुजायला एका भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब बरा पडतो. चोथ्यात हे प्रमाण विसाच्या आसपास, सुक्या पानांत त्याच्या दुप्पट-तिप्पट. दोन्ही मिसळलं की गणित जमतं. दिसायला तपकिरी असला तरी खड्ड्यात तो हिरव्या कचऱ्याचं काम करतो.

मी पातेरा कोयत्याने बारीक करते, वर चोथा, माशांचं धुवण, भाजीची देठं, पुन्हा पातेरा. चोथा एकूण ढिगाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त होऊ देत नाही. तेवढा तो होतही नाही म्हणा. दोन खड्डे शेजारी शेजारी ठेवले होते, एकात चोथा आणि एकात नाही. चोथ्यावाला पावसाआधीच काळा पडून भुसभुशीत झाला, गांडुळंही तिथेच जास्त. दुसऱ्यात पानांच्या शिरा अजून ओळखता येत होत्या. चुलीची राख मात्र या खड्ड्यात टाकत नाही. ती अल्कधर्मी, ताज्या ओल्या कचऱ्याशी मिसळली की नत्र वायू होऊन उडून जातं. राख वेगळी, थेट माडाच्या आळ्यात.

चोथा थेट कुंडीत जाड थराने घालू नका. दाणे बारीक असतात, एप्रिलच्या उन्हात वाळून शेणाने सारवल्यासारखा पापुद्रा धरतो आणि वरचं पाणी कडेने निघून जातं. चिमूटभर मातीत कालवून घातला तर त्रास नाही. बियांच्या बाबतीत तर अजिबातच नको. लाल माठ आणि मिरचीचे मुद्दाम दोन-दोन ट्रे केले, एकात पाव भाग चोथा. त्यातला माठ उशिरा आणि विरळ उगवला, मिरचीचा जीव धरेना. कॉफी गाळली तरी थोडं कॅफिन चोथ्यात राहतं आणि कोवळ्या मुळांना ते मानवत नाही.

गोगलगायींचा किस्सा थोडक्यात. पावसात अळू आणि पडवळीच्या वेलावर त्या चढतात, म्हणून भोवती चोथ्याचं कडं केलं. एक सर आली, कडं वाहून गेलं, गोगलगायी होत्या तिथेच. २००२ साली हवाईतल्या संशोधकांनी कॅफिनने गोगलगायी मरतात हे दाखवलं, हे खरं. पण ते एक ते दोन टक्के कॅफिनच्या द्रावणाने. आपल्या कपातल्या कॉफीत ते ०.०५ टक्क्यांच्या आसपास, मग गाळून उरलेल्या चोथ्याकडून काय अपेक्षा ठेवायची! रात्री बॅटरी घेऊन वेचणं हाच उपाय.

स्वयंपाकघरात त्याची खरी जागा सिंकजवळच्या वाटीत. बांगडे किंवा कोळंबी साफ केली की ओला चोथा हातांवर, विळीवर आणि पाटावर चोळते, मग साबण. आगळ किंवा लिंबू चोळण्यापेक्षा वास लवकर जातो, आणि आगळ सोलकढीला उरतं. लोखंडी तवा, बिडाची कढई छान निघते. नॉनस्टिकला लावू नका, आणि पांढऱ्या फरशीवर तर मुळीच नको, सांध्यांत तपकिरी डाग बसतात. फ्रिजमध्ये सुकवलेला चोथा वाटीत ठेवला, साधे वास कमी झाले. सुक्या बोंबलापुढे मात्र तो हरला.

धुताना चोथा पाइपात जाऊ देऊ नका. जुन्या मोरीचं पाणी थेट केळीच्या बुंध्याशी जायचं, तिथे काही अडायचं नाही. नव्या सिंकच्या वळणात तेल आणि चोथा मिळून गच्च बसतं. बादलीला झाकण हवंच. कुत्र्याने बराच चोथा खाल्ला तर कॅफिनची विषबाधा होऊ शकते.

साठवण ही सगळ्यांत कटकटीची गोष्ट. ओला चोथा आपल्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरतो. खड्ड्यात जाणार असेल तर त्याने काही बिघडत नाही, वाटीत मात्र चालत नाही. दिवाळीनंतर खळ्यात सुपात पसरला की दुपारपर्यंत खडखडीत. मे महिन्यात खळं आमसुलांचं आणि आंबोशीचं. मी कडेला सूप ठेवलं तर सासूबाई म्हणाल्या, “सोलांच्या बाजूक ह्यां काळां कित्याक घातलंस वाळत?” सूप मांगराच्या पत्र्यावर गेलं.

किनाऱ्यावरच्या एका कॅफेवाल्या मुलाने आता रोजची बादली देऊ केली आहे. नुसता चोथा हवा, दुधाचं काही नको, कागदी फिल्टर असले तरी चालतील, एवढं त्याला सांगितलं. पावसाळ्यात त्याचं दुकान बंदच असतं, त्यामुळे तेव्हा वाळवायची चिंता नाही. ऑक्टोबरपासून सुरू, तोवर तिसरा खड्डा खणायचा आहे.