जुन्या गाडीतला टेप आणि बाबांचा आयपॉड: आठ महिन्यांनंतर

आधीच सांगते, ज्यांच्या गाडीत टचस्क्रीन आहे त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये. माझी गाडी २००८ सालची आणि मी तिची तिसरी मालकीण. टेप आधीच्या मालकाने बसवलेला. (गाडीत सीडी वाजो नाहीतर रेडिओ, आमच्या घरी त्याला टेपच म्हणतात.) त्यातली सीडी कधीच बंद पडली आहे. यूएसबी नाही, ब्लूटूथ नाही. एफएम चालतो आणि समोर, बटणांच्या खाली, ऑक्सचं, म्हणजे बाहेरचा आवाज वायरने आत घ्यायचं, एक भोक आहे.

या टेपला जोडायचा होता बाबांचा आयपॉड क्लासिक, १६० जीबीवाला. हे मॉडेल २००९ साली आलं आणि २०१४ साली अ‍ॅपलने क्लासिक विकणंच थांबवलं. बाबांनी आपल्या सगळ्या कॅसेटी कुणाकडून तरी त्यात भरून घेतल्या आहेत. नाट्यसंगीत, कीर्तनं, गणपतीतल्या घरगुती मैफली, एका मैफलीत तर मागे कपबशांचा आवाजही येतो. हे सगळं मोबाइलवर घेऊया म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं. "मोबाइलवर फोन येतात," असं त्यांचं म्हणणं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दर पंधरा दिवसांनी आम्ही पुण्यातल्या औंधहून कराडजवळच्या गावी जातो आणि तेवढे तीन-साडेतीन तास आयपॉड बाबांच्या हातात असतो. ते त्याचं चाक जुन्या रेडिओची सुई फिरवावी तसं फिरवतात.

पहिले तीन महिने एफएम ट्रान्समीटर वापरला. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा, त्याची पिन आयपॉडच्या हेडफोनच्या भोकात घालायची आणि टेपवर तेच स्टेशन लावायचं, की झालं छोटं रेडिओ केंद्र. आयपॉडला हात लावायला नको, टेप उघडायला नको. दुकानदाराने १०७.७ वर लावून दिला. घराजवळच्या गल्ल्यांत मस्त वाजला. विद्यापीठ चौकात आलो आणि कीर्तनकारांच्या मागून कुणीतरी मुलाखत द्यायला लागलं. ती विद्यावाणी होती, विद्यापीठाचं स्वतःचं केंद्र, १०७.४ वर. एफएमचं एक स्टेशन आपल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा खातं, त्यामुळे खऱ्या स्टेशनच्या इतक्या जवळ राहून भागत नाही. पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३, १०१ अशी गर्दी आहे, म्हणून मी खाली ८८.१ वर गेले. शहरात ते चाललं.

खेड शिवापूर ओलांडलं की मात्र खरखर सुरू. एफएममध्ये दोन आवाज एकात एक मिसळत नाहीत, जो जोरात असेल तो दुसऱ्याला दाबून टाकतो. बरोबरीची ताकद झाली की मग आळीपाळीने: दोन सेकंद आमचं पद, दोन सेकंद कुठल्यातरी गावातला कांद्याचा भाव. हे मला समजलं खंबाटकीच्या बोगद्यात. परतीच्या वाटेवर आत शिरलो आणि आवाज एकदम स्वच्छ, आरशासारखा. बाहेर पडलो की पुन्हा खरखर. आत बाहेरची स्टेशनं पोहोचत नाहीत आणि आमचा बारका ट्रान्समीटर तिथे एकटाच राजा. मग मी एक उपाय केला: छतावरची अँटेना फिरवून काढली आणि डिकीत ठेवली. बाहेरची स्टेशनं कमजोर पडली, ट्रान्समीटर टेपच्या शेजारीच असल्यामुळे त्याला फरक पडला नाही. खरखर निम्म्याहून कमी झाली. ज्यांच्या गाडीत ऑक्स नाहीच, त्यांनी नवीन काही घेण्याआधी हे जरूर करून पाहावं. फक्त अँटेना कुठे ठेवली ते लक्षात ठेवा. मला ती दिवाळीच्या साफसफाईत सापडली.

पण खरखर गेली तरी आवाज बोथटच. एफएमवर तसाही १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जात नाही आणि असल्या स्वस्त डबीत तर त्याआधीच बरंच काही गळतं. तंबोऱ्याच्या तारा एकत्र घोळल्यासारख्या वाटायच्या. मी तक्रार केली नसती. बाबांनी केली. त्यांच्या जुन्या गाडीत कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडॉप्टर होता, वायर बाहेर लोंबायची, आणि तो यापेक्षा बरा वाजायचा असं ते म्हणाले. तो खोटा नाही मुद्दा. त्यात आवाज हवेतून जात नाही, अ‍ॅडॉप्टरमधलं छोटं हेड थेट टेपच्या हेडला टेकलेलं असतं.

मग तापकीर गल्लीत जाऊन वाय-केबल आणली. एका टोकाला आयपॉडची रुंद ३० पिनी शेंडी, दुसरीकडे दोन फाटे: एक ऑक्सची ३.५ मिलिमीटरची पिन, एक यूएसबी, चार्जिंगला. या रुंद शेंडीचा खरा फायदा असा की आवाज हेडफोनच्या भोकातून न येता थेट लाइन-आउटमधून येतो, म्हणजे आयपॉडचा आतला हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर मधे येत नाही. आवाज कमी-जास्त करायचा तो फक्त टेपवरून. बाबांना हे पटायला दोन फेऱ्या लागल्या, ते चाक फिरवत राहायचे आणि काहीच व्हायचं नाही.

गाडी बंद असताना ऐकलं तेव्हा वाटलं, संपला विषय. तंबोऱ्याची प्रत्येक तार वेगळी. चावी फिरवली, इंजिन सुरू झालं आणि स्पीकरमधून बारीक शिटी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिटी वर चढते, सोडला की खाली येते. कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत मी गिअरनुसार सूर ओळखायला लागले होते. बाबा म्हणाले, "हा मागे कोण सुरपेटी धरून बसलाय?"

माझ्या नेहमीच्या वायरिंगवाल्याने ऐकलं आणि लगेच सांगितलं, "मॅडम, टेप गेला. अँड्रॉइडची स्क्रीन टाकू, सगळं त्यात येतं." दुसऱ्याने अल्टरनेटर बघायला सांगितला. दोघांपैकी एकानेही एखादी वायर काढून पाहिली नाही. ती मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इंजिन चालू ठेवून, स्वतः काढून पाहिली. आधी ऑक्सची पिन काढली: शांत. म्हणजे टेपचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठीक आहेत. पिन परत लावली आणि लायटरमधून चार्जर उपटला: आयपॉड स्वतःच्या बॅटरीवर वाजतोय आणि शिटी गायब. चार्जर परत खोचला: शिटी हजर. दहा मिनिटांत एवढंच काम आणि पंधरा-वीस हजारांची स्क्रीन वाचली.

शिटी येते कशी, तर आयपॉडला गाडीची अर्थ (इंग्रजीतली earth, म्हणजे वीज परत जाण्याची वाट, गाडीत ती पत्र्यातून असते) दोन वाटांनी मिळत होती. एक चार्जरमधून, लायटरच्या सॉकेटच्या अर्थवर. दुसरी ऑक्सच्या वायरमधून, टेपच्या अर्थवर. या दोन जागा पत्र्याने जोडलेल्या असल्या तरी त्यांच्यात अगदी थोडा व्होल्टेजचा फरक असतो आणि गाडी जुनी, बोल्ट गंजलेले, म्हणजे तो फरक जास्तच. अल्टरनेटरचा वीजपुरवठा सरळ नसतो, त्यात लाटा असतात, इंजिन जोरात फिरलं की त्या लाटाही दाट होतात. तो सगळा गोंगाट ऑक्सच्या वायरमधल्या अर्थवरून फिरतो आणि टेप त्याला गाणं समजून मोठा करतो. थोडक्यात, आयपॉड निर्दोष, टेप निर्दोष, केबलही निर्दोष. भांडण त्यांच्यामधल्या जागेत होतं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गाणी चालू असताना चार्जर न लावणं. आयपॉडची बॅटरी जुनी, शिरवळपर्यंतच टिकायची, म्हणून तो बाद. दुसरा उपाय: पॉवरबँकवरून चार्ज करणं. तिचा गाडीच्या अर्थशी संबंधच नाही, त्यामुळे शिटी नाही. महिनाभर हेच केलं आणि खरं सांगायचं तर आवाज याच काळात सगळ्यात चांगला होता. पण पॉवरबँक चार्ज करायला विसरणं हा माझा जन्मजात गुण आहे.

म्हणून आयसोलेटर घेतला, अडीचशे रुपयांना. आगपेटीपेक्षा जरा मोठी डबी, एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूला भोक. त्याला वीज लागत नाही. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, डाव्या-उजव्या आवाजासाठी एकेक. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, अर्थची वायर मात्र तुटते. लावला आणि शिटी तिथल्या तिथे बंद. किंमत द्यावी लागते ती खालच्या सुरांत: एवढ्याशा ट्रान्सफॉर्मरला खर्ज झेपत नाही. तबल्याचा डग्गा थोडा पोकळ वाटतो, पखवाज तर उघडच. टेपवर बेस दोन घरं वाढवला तेव्हा कीर्तनापुरतं जमलं. नव्या ढंगाची, दणदणीत गाणी ऐकणाऱ्यांनी हा विचार करावा.

आणि मग ती कराडची गंमत. आयसोलेटर लावून तिसरी-चौथी फेरी. वाठारच्या आसपास रस्त्याच्या कामामुळे गाडी जरा आदळली आणि बाबांनी विचारलं, "अगं, गाणारा कुठे गेला?" गाणं चालू होतं. व्हायोलिनं होती, मागचा कोरस होता, फक्त मधला गाणारा विहिरीच्या तळातून आल्यासारखा. बाबांनी पुढचं लावलं, त्यांचं जुनं नाट्यपद, तर त्यात काहीच नाही. अगदीच काही नाही असंही नव्हतं, कॅसेटची खरखर होती. पद गेलं आणि खरखर तेवढी उरली. तिसरी फाइल, तीच कथा. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्यांना वाटलं कॅसेटी पुसल्या गेल्या.

एका ढाब्यावर थांबले. आयसोलेटरची पिन जाड प्लास्टिकात बसवलेली होती आणि माझ्या टेपचं ऑक्सचं भोक थोडं आत आहे. त्यामुळे पिन शेवटपर्यंत बसतच नव्हती, जेमतेम टेकून होती, गाडी आदळल्यावर दोन-तीन मिलिमीटर बाहेर सरकली. अशा वेळी पिनचा अर्थचा भाग सुटतो, डावा-उजवा मात्र टेकलेले राहतात. मग टेपला ऐकू येते ती फक्त डाव्या आणि उजव्या आवाजातली तफावत. गाणारा रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा मधोमध, दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो वजा होतो. बाजूची वाद्यं राहतात. आणि बाबांच्या जुन्या मोनो कॅसेटींत दोन्हीकडे सगळंच सारखं, त्यामुळे सगळंच वजा. खरखर दोन्हीकडे वेगवेगळी असते, म्हणून तीच वाचली.

हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे, कारण मोबाइलची चार पट्ट्यांची पिन ऑक्समध्ये नीट न बसल्यामुळे अगदी असाच आवाज येतो आणि लोक स्पीकर बदलत बसतात. गाणारा गायब आणि वाद्यं जागेवर, म्हणजे आधी पिन दाबून बघा. मी घरी येऊन प्लास्टिकचा काठ कटरने दीड-दोन मिलिमीटर तासला, पिन "टक्" करून बसली. तेव्हापासून एकदाही असं झालं नाही. ज्यांना कटर चालवायचा नाही त्यांनी बारीक मानेची एक्स्टेंशन पिन मधे घालावी.

बाकी बारीकसारीक: चार्जर स्वस्तातला घेतला तर एफएम रेडिओवरही खरखर येते, माझा पहिला असाच होता, तो बदलला. आयपॉडमध्ये फिरणारी हार्ड डिस्क आहे, पण तो गाणं आधी मेमरीत घेऊन मग वाजवतो, त्यामुळे गतिरोधकावर कधी अडला नाही. ऊन मात्र सांभाळा. चालवताना ३५ अंश सेल्सिअस ही त्याची मर्यादा आहे आणि नुसता ठेवायला ४५. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती कधीच ओलांडली जाते. आमचा आयपॉड उतरताना बाबांच्या सदऱ्याच्या खिशात जातो. केबलची ३० पिनी शेंडी महिन्यातून एकदा सैल वाटते, कोरड्या ब्रशने धूळ काढली की पुरतं.

आजची मांडणी अशी: वाय-केबल, आयसोलेटर, बरा चार्जर, टेपचा आवाज मधोमध. सगळं मिळून खर्च हजाराच्या आत. डावीकडचा मागचा दरवाजा अजून एका सुरावर थरथरतो, पण ते बहुधा दाराच्या आतलं पॅनल आहे, त्याचा या भानगडीशी संबंध नाही.

तो पहिला ट्रान्समीटर मी फेकणार होते. धाकटी जाऊ घेऊन गेली, ती गुहागरकडे असते आणि तिच्या गाडीत ऑक्स नाही. परवा तिने फोन केला तेव्हा मागे गाणं चालू होतं, एकही खरखर नाही. तिकडे ८८.१ वर मधे यायला कुणीच नाही.