जुनी पेडल स्टील गिटार: दहा महिने वाजवून (आणि उलटी करून) झाल्यावर

व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा दाखवली तेव्हा आई म्हणाली, "अगं, तिकडे फॉल-बीडिंगचा धंदा सुरू केलास की काय?" तारांवर पोलादी बार सरकवत वाजवायची आडवी गिटार, चार पाय, खाली तीन पेडलं, फळीच्या पोटाशी गुडघ्याने ढकलायच्या चार दांड्या. वरच्या दहा तारा सोडल्या तर आईचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

आम्ही डॅलसला राहतो. ओक्लाहोमातल्या एका छोट्या गावात जाऊन ही गाडीत घालून आणली. कुरिअरने मागवायची हिंमत नव्हती. पेटीसकट बावीस-तेवीस किलो भरते. सत्तरच्या दशकातली, सिंगल नेक (तारांचा एकच संच), ई-९ ट्युनिंगची (तारा लावायची एक पद्धत). १,७०० डॉलर मोजले. नवी चांगली घ्यायची तर याच्या दुपटीच्या पुढे जावं लागतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली जी रडगाणी गाणार आहे ती पन्नास वर्षांच्या कुठल्याही वाद्याची असू शकतात.

विकणारा मुलगा होता, वाजवणारे त्याचे वडील. त्यांची बोटं आता वळत नाहीत. मुलगा म्हणाला, सगळं व्यवस्थित चालतं. म्हातारबाबा कोपऱ्यातून एवढंच म्हणाले, "खालून बघितलंत का?" मी वाकून बघितलं, रॉडांचं जंजाळ दिसलं, काही कळलं नाही, मान डोलावली. वरचं मेपलचं लाकूड काय सुंदर चमकत होतं! कांदेपोह्याच्या कार्यक्रमात रंग बघून होकार द्यावा, तसा मी दिला.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. 'बी' पेडल (तिन्ही पेडलांना ए, बी, सी म्हणतात) दाबलं की तिसरी तार जी शार्प या सुरावरून ए या सुरावर जाते, ते ठीक. पेडल सोडल्यावर ती परत खाली येताना मधेच अडकायची. कधी पूर्ण उतरायची, कधी किंचित चढीच राहायची. मी आधी तारेला दोष दिला. नवी तार घातली, ती तुटली. (ही तार ०.०११ इंचाची, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जास्त ताणलेली. डझनभर आणूनच ठेवा.)

शेवटी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर टाकून गिटार उलटी केली. खरं वाद्य तिथे आहे. पेडलापासून उभा रॉड वर येतो, तो आडवा दांडा फिरवतो, दांड्यावरचा खटका लांब सळई ओढतो, आणि ती सळई टोकाच्या चेंजरमधलं बोटाएवढं धातूचं तुकडं हलवते. तार त्याच तुकड्यावर टेकलेली. प्रत्येक तारेला असं एक बोट. माझ्या चेंजरमध्ये पन्नास वर्षांचं तेल आणि धूळ यांचा काळा डिंक झाला होता. लायटरचं इंधन थेंबथेंब सोडत, कानातल्या काड्यांनी दोन संध्याकाळ ते काढलं (खिडक्या उघड्या ठेवून, गॅस बंद करून). मग सांध्यांना शिवणयंत्राचं तेल, एकेकच थेंब. दोन नायलॉनच्या नट्स तडकलेल्या निघाल्या, त्या आणि एक ताठरलेली दांडी इथल्या एका मिस्त्रीकडून करून घेतली. ४०० डॉलर गेले. म्हणजे किंमत १,७०० नव्हे, २,१०० समजा.

म्हणून घ्यायला जाल तेव्हा ट्यूनर (सूर बरोबर लागला की दिवा दाखवणारं यंत्र) न्या. प्रत्येक पेडल आणि दांडी दहा वेळा दाबा, सोडा, तार मूळ जागी येते का पाहा. पेडलांचा क्रमही विचारा. बहुतेक गिटारींवर डावीकडून ए-बी-सी असतो, त्याला बडी एमन्स या वादकाच्या नावाने एमन्स सेटअप म्हणतात. जिमी डे या दुसऱ्या वादकाच्या पद्धतीत नेमका उलटा. एकदा पायाला वळण लागलं की बदलणं महाकठीण.

उंचीचं कुणी सांगत नाही. आधीचे मालक सहा फुटी, मी पाच फूट दोन. माझे गुडघे दांड्यांना पोचेचनात. गिटारचे आखूड पाय मिळतात, पण ते आखूड केले की पेडलांचे उभे रॉडही तेवढेच आखूड करावे लागतात. त्याचे आणखी दीडशे. आणि घरात चपला न घालायची सवय असलेल्या मला फक्त या वाद्यासाठी बुटांचा जोड घ्यावा लागला, कारण ए आणि बी एकाच पावलाने एकत्र दाबायचे असतात आणि अनवाणी तळव्याला ते जाम टोचतात.

आता गंमत. पहिले दोन महिने ट्यूनरवर सगळ्या तारा हिरव्या दिव्यावर आणूनही कॉर्ड आंबटच लागायची. लहानपणी आमच्या गाण्याच्या बाई तंबोरा लावताना खर्जातून गांधार ऐकू येईपर्यंत कुणाला बोलू द्यायच्या नाहीत. तो स्वयंभू गांधार ट्यूनरच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरलेला असतो. ई मेजरमध्ये जी शार्प म्हणजे गांधारच की! ट्यूनर बंद केला, ती तार कानाने उतरवत नेली आणि एका जागी दोन सुरांच्या टकरीतून येणाऱ्या लाटा थांबल्या. ए-बी दाबल्यावर त्याच जागी ए मेजर होते, म्हणजे षड्जावरून थेट मध्यमावर. तिथला गांधार सी शार्प, तोही उतरवला. इथले वादकही या तारा उतरवूनच लावतात हे नंतर कळलं. त्यात पेडल दाबलं की लाकूड किंचित वाकतं आणि बाकीच्या तारा उतरतात. माझी ई चार सेंट. तेवढं सोडून द्यायचं.

हवाईयन गिटार आपल्याला नवी नाही. व्हॅन शिपलींनी तिच्यावर सिनेमाच्या धुना वाजवल्या, ब्रिजभूषण काबरांनी राग. पण तिथे बार सरकला की सगळ्या तारा मिळून सरकतात. इथे दोन तारा जागेवर थांबतात आणि तिसरी त्यांच्यामधून मींड घेत वर जाते. १९५४ साली आलेल्या, कंट्री गायक वेब पिअर्सच्या रेकॉर्डमध्ये बड आयझॅक्स या स्टील वादकाने तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि कंट्री संगीताच्या नॅशव्हिल शहरातले स्टीलवाले कामाला लागले. मला अजून ते चारातल्या दोन वेळा जमतं. बाकी दोन वेळा मांजर रडतं.

पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) उत्तम, लाकूड उत्तम. सोबत मिळालेलं व्हॉल्यूम पेडल खरखरायचं, टाकून दिलं. पेटीला कुबट वास आहे, उन्हात ठेवूनही गेलेला नाही. परत घेईन का? हीच घेईन, पण दीड हजाराच्या आत, आणि आधी उलटी करून.

डावा गुडघा वर उचलून दाबायची दांडी अजून कुरकुरते. परवा आईला फोनवर ऐकवली. म्हणाली, "तेल सोड, रात्रभर तशीच राहू दे, सकाळी पुसून घे. आणि आधी चिंधीवर चालवून बघ."