सेप्टिक टँकवर स्लॅब टाकला गेला आणि आम्ही फसलो

घोडबंदर रोडला खाडीच्या अंगाला आमचं जुनं घर. गल्लीत अजून मलवाहिनी नाही, म्हणून घर वाढवताना नवी सेप्टिक टँक काढली. ठेकेदार मेव्हण्याच्या ओळखीचा. त्यामुळे ना लेखी कोटेशन, ना नकाशा. टाकी आणि शोषखड्ड्याचे 1 लाख 40 हजार, वर 18 हजार 'पालिकेत पास करायचे'. पावती मागितली तर, "दादा, त्याची पावती नसते." (नंतर चौकशी केली, आमच्या नावाचा अर्जच नव्हता.) आम्ही चार दिवस गावी गेलो, तेवढ्यात स्लॅब टाकून, वर माती ओढून गडी मोकळा.

पहिल्याच पावसाळ्यात अमावस्येच्या उधाणाला कमोड गुडगुडायला लागला. फ्लश केलं की पाणी वर. ओहोटी लागली की आपोआप उतरायचं. आई भरतीची वेळ बघून कपडे धुवायला काढायची!

शेवटी सक्शनची गाडी बोलावली. गाडीवाल्याने झाकण काढून बांबू तिरका आत सरकवला, तो थेट पलीकडच्या भिंतीला टेकला. "भाऊ, टाकीचे दोन भाग करणारी मधली भिंतच नाही." मैला अडवणारा टी-पाइपही नाही, साधा पाइप भोकात खुपसलेला. गाडी उपसत होती आणि खालून पाणी परत चढत होतं. तळाला काँक्रीटच नव्हतं. शोषखड्ड्यात दगडांऐवजी आमच्याच पाडलेल्या भिंतीचं डेब्रिज.

ओळखीच्या इंजिनीअरने मग आयएस 2470, म्हणजे सेप्टिक टँकचं भारतीय मानक, उघडून दाखवलं. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान 18 मीटर हवा. आमचा शेजाऱ्यांच्या विहिरीपासून टेपने 11 भरला. आणि जमिनीखाली 1.8 मीटरच्या आत पाणी लागत असेल तर शोषखड्डा करायचाच नाही, पाणी जिरवायचे चर जमिनीच्या वर उचलून घ्यायचे. खाडीकाठी हे पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं.

तुमचं काम चालू असेल तर स्लॅबआधी स्वतः वाकून आत बघा, मधली भिंत मोजा, टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवा, सकाळी पातळी बघा आणि मगच शेवटचा हप्ता द्या.

ठेकेदाराला फोन केला तर म्हणतो, "सेप्टिक टँकमध्ये बांबू घालून बघतं का कोणी?" मग नंबर ब्लॉक. मेव्हणा अजून विषय निघाला की पाणी प्यायला उठतो.